सिंधूताईंनी न सांगितलेलं

सिंधूताई निवृत्त होऊन अकोल्याहून अमरावतीला भावाकडे राहायला आल्या, त्याला बरीच वर्षं झाली होती. तरी भाजीला निघाल्या आणि एखाद्या माळणीला वांग्याचा भाव विचारला, की ती हातातला तराजू तसाच धरून मान वर करायची.

"तुमी रेडिओवाल्या ताई ना जी?"

चेहरा कोणाच्या ओळखीचा नव्हता. आवाज मात्र साऱ्या वऱ्हाडाच्या ओळखीचा होता. रेडिओवरचा संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम त्यांनी नोकरीभर चालवला, आणि तोही वऱ्हाडीत, जिथं बायाही 'सांगतो'च म्हणतात. पुण्याहून बदलून आलेले एक साहेब त्यांना म्हणाले होते, "बाई, तुम्ही 'सांगतो' काय म्हणता, 'सांगते' म्हणा." सिंधूताई बरं म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी माइकसमोर बसून पुन्हा "सांगतो" म्हणाल्या. साहेबांची बदली झाली, "सांगतो" राहिलं.

तेव्हा त्या मोर्णा नदीच्या पुलापलीकडे जुन्या शहरात एका खोलीत राहत. कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित केलेला असला, की घरी परत येताना वाटेवर त्यांना आपलाच आवाज भेटायचा. शिंप्याच्या दुकानात, पानठेल्यावर, कोणाच्या ओसरीवर. एका दारातून सुटलेलं वाक्य पुढच्या दारात पुरं व्हायचं. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, घरदार नाही. पण त्या वाटेनं चालताना आपण पुष्कळ घरांत राहतो असं त्यांना वाटे, आणि ते काही खोटं नव्हतं.

पत्रं यायची गठ्ठ्यानं. काही प्रश्नांची उत्तरं त्यांना ठाऊक असत, पुष्कळांची नसत. नसली, की त्या माइकवर सरळ म्हणत, "हे मले माहीत नाई. इचारून सांगतो." मग कृषी विद्यापीठात जाऊन, तिथल्या जाणत्याला गाठून, पुढच्या आठवड्यात उत्तर देत. वलगावचा देवीदास, संत्र्याच्या बागेवाला, पुढे ओळख झाल्यावर त्यांना म्हणाला होता, "ताई, तुमी इचारून सांगतो म्हनलं ना, का आमी तो फवारा तसाच धरून ठेवत होतो. बायको म्हने रेडिओवालीची वाट पाहून राह्यले का? मी म्हनो, हो." सिंधूताईंना आयुष्यात मानपत्रं मिळाली होती. त्यातलं एकही त्यांना या बोलण्याइतकं लक्षात नव्हतं.

ईशान हा त्यांचा भाचा, त्यांचे भाऊ मोरोपंत यांचा एकुलता मुलगा. त्याची आई तो लहान असतानाच गेली. मोरोपंतांची वकिली जोरात होती, त्यामुळे सुट्टी लागली की पोरगा अकोल्याला आत्याकडे. ती माइकसमोर बसली असताना तो काचेपलीकडे गप्प बसून राहायचा. पुढे इंजिनियर झाला, पुण्याला नोकरीला लागला, आणि टाळेबंदीत ती नोकरी गेल्यावर एक बॅग घेऊन घरी परतला. कितीतरी महिने तो नुसता खिडकीशी बसून असायचा. हाक मारली की ओ द्यायचा, पण ती लांबून आल्यासारखी. त्यामुळे एके दिवशी तो डोळ्यांत जीव आणून त्यांच्यासमोर बसला, तेव्हा त्यांना आधी त्याचे डोळे दिसले, बोलणं मागून ऐकू आलं.

"आत्या, मला तुझा आवाज पाहिजे."

मोरोपंत पेपर खाली न करता म्हणाले, "घे की. इतकी वर्षं सरकारनं वापरला, आता घरच्या घरी वापर होऊ दे. माझी जांभई पाहिजे असली तर तीही घे."

"बाबा, थांबा ना तुम्ही."

"मी थांबूनच आहे. कोर्टात तारखा मागून मागून सवय झाली."

ईशाननं समजावून सांगितलं. शेतकऱ्यानं फोनवर विचारायचं, आणि फोनमधून सिंधूताईंनी उत्तर द्यायचं. त्या खोलीत बसून वाचतील, यंत्र ते ऐकून शिकेल, जुने कार्यक्रमही त्याला ऐकवायचे. मग कोणी काहीही विचारलं तरी त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच वऱ्हाडीत उत्तर.

"मग तू नसलीस तरी तू बोलशील."

"मी नसले तरी?"

"म्हणजे झोपलेली असलीस तरी गं."

तिघंही हसले. त्या घरात फार दिवसांनी कोणी हसलं होतं.

मोरोपंत अशिलांना भेटत त्या पुढच्या खोलीत खिडक्यांवर दुलया टांगल्या. पंखा बंद. स्वयंपाकघरात कुकर लावायची बंदी. घामानं निथळत सिंधूताई वाचत राहिल्या, जे हातात दिलं ते: कापसाचं, तुरीचं, संत्र्याचं, रागावल्याचं, हसल्याचं, समजूत काढल्याचं. वाचून झालं तेव्हा त्यांनी एकच अट घातली.

"जिथं माहीत नसेल तिथं यानं 'मले माहीत नाई, इचारून सांगतो' म्हटलं पाहिजे. आणि मग कोणाला तरी खरोखर विचारलं पाहिजे."

"पहिलं वाक्य तेच घालतो आत्या."

आणि खरोखर घातलं. आवाज वापरू देण्याच्या कागदावर सही मागितली तेव्हा सिंधूताईंनी ती केली. मोरोपंत शेजारीच बसले होते. साऱ्या जिल्ह्याचे कागद चष्मा पुसून पुसून वाचणारा माणूस, पण तो कागद त्यांनी हातातही घेतला नाही. पोटच्या पोराचा कागद वाचून बघायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. आमच्याकडे असंच असतं. परक्याला दहा प्रश्न, घरच्याला एक नाही.

कंपनीचं नाव त्यानं "ताई" ठेवलं.

मग जे झालं ते बघता बघता झालं. वलगाव, चांदूर रेल्वे, पार अकोल्यापलीकडे बाळापूरपर्यंत लोक "ताईले इचार" म्हणू लागले. यंत्राला न आलेले प्रश्न दोन मुलं रोज लिहून विद्यापीठात घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशी फोन आपणहून उत्तर द्यायचा. देवीदास मुद्दाम घरी आला. "ताई, तुमी तर लयच तरुण झाल्या," म्हणाला. खरंच होतं ते. सिंधूताईंचा आवाज आता जरा कापरा झाला होता, लांब वाक्याच्या शेवटी दम पुरत नसे. फोनमधली ताई मात्र अकोल्याच्या पुलावरून चालत घरी जाणारी होती. सिंधूताई कधी दुपारी एकट्या असताना फोन लावून नुसतं "कशी आहेस?" विचारत आणि ती "बरी हाय, तुमी कशा हा?" म्हणायची. त्यांना त्याची थोडी लाजही वाटे.

ईशानचा सत्कार झाला. पेपरात फोटो आला, वऱ्हाडातल्या पोरानं पुण्या-बंगळूरूकडे न बघता इथेच कंपनी काढली म्हणून. तिकडचीच माणसं मग विमानानं नागपूरला उतरून त्याच्याकडे पैसे लावायला येऊ लागली. बडनेरा रस्त्यावर काचेचं ऑफिस झालं. ईशान चालायचा तो आता पाठ ताठ करून. बोलताना मोरोपंतांना मध्येच तोडायचा, आणि मोरोपंतांना, ज्यांना आयुष्यात कोणी तोडलं नव्हतं, ते आवडायचं. "आमचे साहेब आज जेवायला आहेत का, विचारून घे," असं ते बहिणीला म्हणत, पण चेहऱ्यावर कौतुक मावत नसे.

भाद्रपदातल्या एका दुपारी सिंधूताईंनी सहज फोनला विचारलं, "यंदा दसऱ्याले झेंडूले काय भाव राहीन?"

फोननं पटकन भाव सांगितला.

त्या बसल्या जागी थिजल्या. या प्रश्नाला त्यांनी उभ्या आयुष्यात उत्तर दिलं नव्हतं. हा प्रश्न दर वर्षी यायचा आणि दर वर्षी त्या हसून म्हणायच्या, हे मले माहीत नाई. त्यांनी आणखी दोन-तीन आडवेतिडवे प्रश्न विचारले. प्रत्येकाला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तराला त्यांचा विश्वासाचा सूर होता.

ईशान जेवायला आला तेव्हा त्यांनी ताट वाढता वाढता विचारलं, "तुझ्या ताईनं 'इचारून सांगतो' म्हणणं काहून सोडलं?"

त्याचा घास थांबला. "आत्या, ते म्हटलं की बहुतेक लोक तिथंच फोन ठेवतात. पैसे लावणारे रोज तोच आकडा माझ्यासमोर धरतात. आता माणसाला लगेच उत्तर लागतं."

"आणि चुकलं तर?"

"मागून सुधारता येतं. आणखी माहिती भरली की यंत्र आपोआप सुधारतं."

"विद्यापीठात जाणारी ती मुलं?"

"त्यांना दुसरं काम दिलं." मग तो जरा नरमला. "एवढा हंगाम जाऊ दे. पुढची रक्कम हातात आली की परत सुरू करतो. तुझं यात काय जातंय सांग बरं?"

"नाव."

"नाव तर तुझं वाढलंय आत्या. लोक तुला विसरले होते."

त्यात थोडं खरं होतं म्हणूनच ते त्यांच्या वर्मी लागलं. त्यांनी कढी वाढली. पुढे कितीदा तरी त्यांनी विषय काढला, पण कधी तो घाईत, कधी त्याच्याबरोबर माणसं, आणि कधी तो इतका आनंदात, की त्या खिडकीशी बसलेल्या पोराची आठवण येऊन त्यांची जीभ उचलत नसे.

पुढचा उन्हाळा आला. वैशाखात संत्र्याच्या बागा मृगबहारासाठी ताणावर सोडतात. भर उन्हात झाडाचं पाणी तोडायचं. झाड पानं मिटून घेतं, सुकतं, गेलं की काय वाटतं, आणि मग नेमक्या वेळी पाणी दिलं की पांढऱ्या फुलांनी भरून जातं. ती नेमकी वेळ जमिनीवर असते. काळ्या भारी जमिनीत झाड पुष्कळ तग धरतं, मुरमाड जमिनीत लवकर जीव सोडतं. म्हणून रेडिओवर हा प्रश्न आला की सिंधूताई आधी उलट विचारायला लावत, जमीन कशी हाय ते कळवा. फोनमधली ताई उलट विचारत नव्हती. ती काळ्या जमिनीवरच्या बागांचं शिकली होती, आणि तेच तिनं देवीदाससारख्या मुरमाड जमिनीवाल्यांनाही सांगितलं.

देवीदास दुपारच्या उन्हात आला. पिशवीतून त्यानं एक फांदी काढून ओटीवर ठेवली. ती ठेवताना वाजली.

"बस देवीदास, पाणी आणते."

"पानी नको ताई." तो पायरीवरच बसला. "मी तुमाले इचारलं. दोन-तीन खेपा इचारलं. पानं गळून राह्यली, पानी सोडू का. तुमी म्हनल्या थांबा, अजून थांबा, बहार चांगला येईन."

"देवीदास, ते मी नव्हते रे."

"ते समजते ना मले. मशीन हाय. आमच्या पोरानं सांगतलं व्हतं." त्याचा आवाज चढला नाही. "पन माही बायको दीपमाला म्हने, पानी सोडा, झाडं मरून राह्यली. रोज म्हने. अन् मी तिले म्हनलं, तुले काय ताईपेक्षा जास्त समजते का? पान्याच्या मोटारीची चाबी लपवून ठेवली मी तिच्यापासून. माह्या बापानं लावली व्हती ती झाडं."

तो उठला. फांदी तिथंच राहिली.

देवीदास एकटा नव्हता. चांदूर रेल्वेकडचे आले, मोर्शीकडचे आले, काचेच्या ऑफिसपुढे माणसं जमू लागली. पेपरात बातमी आली. ईशान दोन दिवस दाढी न करता घरी आला तो थेट आत्याच्या खोलीत.

"आत्या, दोनच वाक्यं म्हणायची. यंदाचं ऊन आजवर नव्हतं एवढं होतं, त्यानं झाडं गेली. धीर धरा, ताई तुमच्यासोबत आहे. एवढंच. तू म्हटलंस तर लोक शांत होतील."

"ऊन दरसालचंच होतं, ईशान."

"आत्या, सगळं जाईल माझं."

"जाऊ दे." त्या म्हणाल्या. "तू देवीदासच्या ओट्यावर जाऊन बस. चुकलं म्हण. मी येते तुझ्यासोबत, हवं तर तिथं मी बोलते. पण हे नाही बोलणार."

तो उठून दारापर्यंत गेला आणि पाठमोराच बोलला.

"तुला विचारायची तशी गरज नव्हती. तुला बरं वाटावं म्हणून विचारलं."

त्यांना अर्थ कळायला वेळ लागला. मोरोपंत दारात उभे होते, त्यांना आधी कळला. ते आपल्या खोलीत गेले, कपाटातून तो जुना कागद काढून पहिल्यांदा वाचला आणि परत येऊन एवढंच म्हणाले, "सही आहे तुझी सिंधू. माझ्या देखत केलीस."

निरोप त्याच संध्याकाळी गेला. सिंधूताई देवाला फुलं आणायला कोपऱ्यावर गेल्या होत्या. फुलवालीचा फोन टोपलीच्या कडेला ठेवला होता, त्यातून त्या बोलू लागल्या. "मले तुमचं दुख समजते," त्या म्हणाल्या, आणि "समजते"वर त्यांचा गळा किंचित दाटला. तो हुंदका त्यांच्या ओळखीचा होता. केंद्रावरचे त्यांचे जुने सहकारी वारले, ती बातमी सांगताना माइकवर आला होता तो. यंत्र जुने कार्यक्रम ऐकून दुःख करायलाही शिकलं होतं. आणि मग, त्याच गळ्यानं, यंदा ऊन फार होतं.

फुलवालीनं ऐकून घेतलं, फोन पालथा घातला आणि बाजूच्या बाईला म्हणाली, "खोटारडी म्हातारी. पैसे घेतले असतीन."

सिंधूताईंनी बोटानं शेवंती दाखवली. तोंडानं मागितली नाही.

त्या दोन वाक्यांनी ईशान वाचला नाही, उलट त्यांनीच बुडाला. झाडं गेली ते लोकांनी कदाचित सोसलं असतं. ताई खोटं बोलली ते सोसलं नाही. महिन्याभरात कोणी फोन लावेनासं झालं. विमानानं येणारी माणसं यायची थांबली. ऑफिसची काच कोणी तरी दगडानं फोडली, ती बदलायलाही कोणी उरलं नाही. पैसे लावणाऱ्यांनी कंपनी दूरच्या एका मोठ्या शहरातल्या दुसऱ्या कंपनीला विकली, आणि विकण्यासारखं तिच्यात एकच होतं, तो आवाज. दिवाळीपासून सिंधूताई घरोघर फोन करून औषधं विकू लागल्या. मग विमा, मग मोटारसायकलचं कर्ज. मोरोपंतांनी नोटिसा पाठवल्या, जुन्या ओळखी काढल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांना तो कागद आणि ती सही दाखवली गेली.

सिंधूताई एकदा वलगावला गेल्या. ईशानला बरोबर चल म्हणाल्या, तो उठला नाही. एकट्याच बसनं गेल्या. देवीदास बागेत वाळलेली खोडं कापून रचत होता. त्यानं खाट टाकली, हाल विचारले, प्रवासात त्रास नाही ना झाला विचारलं. तो इतका नीट वागला, की त्यांना रडू आलं.

"देवीदास, मी त्याला नाही म्हटलं होतं. ते वाक्य माझं नव्हतं. तेवढं सांगायला आले."

"मले माहीत हाय ताई."

"गावात सांगशील?"

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "सांगतलं मी. म्हनलं, ताई तशा नाईत. ते म्हनतात, कोनती ताई?" तो म्हणाला. "मी काय सांगू त्याइले? आवाज तर हाच हाय."

त्या त्याला समजावू लागल्या, यंत्र कसं शिकतं, आपली अट काय होती, आपण किती वेळा ईशानला म्हटलं. बोलता बोलता आवाजात जुनं बळ आलं, कार्यक्रमातलं. तेवढ्यात घरातून दीपमाला ओरडली. ती चुलीशी होती, बाहेर कोण आलंय ते तिला दिसत नव्हतं.

"बंद करा हो तो फोन. किती खेपा सांगतलं, तिचा आवाज नको माह्या घरात."

देवीदासनं मान खाली घातली. सिंधूताई वाक्य अर्धंच सोडून उठल्या. दीपमाला पदराला हात पुसत दारात आली तोवर त्या फाटकाशी पोचल्या होत्या. मागून तिनं "कोन व्हतं?" विचारलेलं त्यांना ऐकू आलं. देवीदासनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

ईशान आता पुढच्या खोलीतच असतो. डॉक्टर गोळ्या देतात, त्या तो घेतो. खिडकीशी बसत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. वलगावहून आल्या त्या दिवशी सिंधूताईंनी नेहमीसारखी दारातून हाक मारली, "ईशान, चल बेटा, जेवायला." तसा तो अंगावर पाणी पडल्यासारखा दचकला आणि त्यानं दोन्ही कानांवर उशी दाबून धरली.

"आत्या, नको ना बोलूस," तो उशीखालून म्हणाला. रागावून नाही, गयावया करून. "काहीही कर, फक्त बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारून पाहिली, अगदी हळू. तेच झालं. त्या दिवशी तो जेवलाच नाही.

तेव्हापासून सिंधूताई स्वयंपाक झाला की त्याच्या दाराशी जाऊन पळीनं ताट वाजवतात. थोडा वेळ जातो, मग तो उठून येतो आणि खाली बघत जेवतो. मोरोपंत सुरुवातीला काही तरी बोलून बघायचे, आमटी छान झाली, पाऊस येईलसं दिसतं. त्यांना उत्तर देणारं कोणी नसे, मग तेही गप्प झाले. मीठ लागलं तर ते बोट दाखवतात आणि सिंधूताई मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवतात.